मागच्या रांगेतली खरखर

९ ऑगस्ट, गुरुवार

बंद होणार! एमिलचं गाडीत बसून बघायचं थिएटर बंद होणार! म्यूरिएल धापा टाकत सांगायला आली. मला ठाऊक नव्हतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "हो का, बरं," म्हटलं आणि बीन्स निवडत राहिले.

आता रिळांवर सिनेमे येईनासे झालेत आणि नवं यंत्र एमिलला परवडत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी शेवटचा खेळ. मग पडदा उतरवायचा आणि एमिलनं मुलीकडे जायचं, केलोनाला. डोंगरांपलीकडे. कायमचं.

जाऊ दे! कुंपणापलीकडून त्याचं खोकणं ऐकू येणार नाही, कोंबड्यांना सुखानं झोप लागेल.

कोंबड्या केव्हाच संपल्या म्हणा. पण तत्त्व म्हणून लिहिलं.

११ ऑगस्ट, शनिवार

चर्चच्या तळघरात कॉफीला सगळ्यांच्या तोंडी हाच विषय. माणूस गेल्यावर जसं त्याच्याबद्दल गोड बोलतात, तसं थिएटरबद्दल चाललं होतं. मग कुणीतरी कास्परची गोष्ट काढली आणि जरा मजा आली.

कास्पर म्हणजे एमिलचा बाप. त्यानं थिएटर बांधायला घेतलं ऐन फेब्रुवारीत. सहा वाजता गुडुप अंधार पडायचे दिवस. हमरस्त्यावरून पडदा दिसावा, जाणाऱ्या-येणाऱ्याला मोह पडावा, म्हणून त्याचं तोंड केलं पश्चिमेला. उद्घाटन जूनमध्ये, आमच्या उत्तरेतल्या लांबलचक दिवसांत. सगळा गाव गाड्या लावून बसला — आणि सूर्य मावळेना! नऊ वाजून गेले तरी पडद्यावर लख्ख ऊन. बँडवाल्यांना येत होतं तेवढं सगळं वाजवून झालं, पाद्रीबाबांनी भाषण केलं, मग तेच पुन्हा केलं. पोरं झोपून गेली. कास्पर मात्र पडद्याकडे पाठ करून सूर्याला शिव्या घालत होता.

पडदा काही फिरवता आला नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात आधी अंधाराची वाट बघायची, मग सिनेमा. त्या वाट बघण्यात निम्म्या गावाची लग्नं जमली. माझं आणि कॉनराडचंही. देव त्याचं भलं करो, सिनेमा सुरू झाला की घोरायचा.

आणि पडद्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे थेट माझ्या स्वयंपाकघराकडे. मागच्या रांगेमागे कुंपण, कुंपणामागे मी. कास्परची चूक ती माझी चैन!

१४ ऑगस्ट, मंगळवार

आज एमिल कुंपणापाशी उभा होता. मी कपडे वाळत घालत होते.

"हेडी, ऐकलं असशीलच."

"मला कुठलं काय ऐकू येतंय."

"शेवटच्या खेळाला येशील?"

"तिकीट काढून? मी?"

तो हसला आणि गेला. खांदे उतरलेत त्याचे. पँट कमरेवर राहत नाही. कोण शिजवून घालतं कुणास ठाऊक. पेरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, तळून तळून गावाला विकतो, स्वतः खातो डब्यातलं सूप.

१५ ऑगस्ट, बुधवार

काल शपथेबद्दल लिहायचं राहिलं. पुढंमागं मीच विसरायची.

एमिलनं फाटकावर मोठे दिवे लावले ते वर्ष. माझ्या कोंबड्यांना रात्र झाल्याचं कळेना, अंडी द्यायच्या थांबल्या. मी जाब विचारायला गेले. तिकिटाची रांग लागलेली. एमिल सगळ्यांदेखत म्हणाला, "मग आण की कोंबड्यांना सिनेमाला. त्यांना अर्धं तिकीट!" रांग खो खो हसली. मी तिथंच शपथ घेतली: एमिल शेप, जिवंत असेपर्यंत तुझं तिकीट काढणार नाही! माफी माग, मग बघू.

त्यानं माफी मागितली नाही. मी तिकीट काढलं नाही. कॉनराड गेला, एमिलची बायको गेली, कोंबड्या गेल्या. शपथ ठणठणीत आहे.

१८ ऑगस्ट, शनिवार

कॉफीला मला कालच्या सिनेमाची गोष्ट सांगायला लावली. दर शनिवारी लावतात. हेडी बिनआवाजाचा सिनेमा बघते आणि गोष्ट मनानं जुळवते, ही गावातली मोठी गंमत! आज मी नवऱ्याला मारेकरी केलं आणि मारेकऱ्याला दाताचा डॉक्टर. लोक डोळे पुसून हसले, कोपऱ्यात कप धरून एमिलही. "खऱ्यापेक्षा हेडीची गोष्ट भारी," म्यूरिएल म्हणाली.

आता हे फक्त इथं. मला सगळं ऐकू येतं!

पूर्वी खांबांवर स्पीकर होते. ते गाडीच्या काचेला अडकवायचे. सिनेमा संपला की लोक विसरायचे आणि स्पीकरसकट गाडी हाणायचे. गावात असं एक गॅरेज नाही जिथं एमिलचा वायर तुटलेला स्पीकर पडलेला नाही. शेवटी वैतागून त्यानं खांब काढले आणि आवाज रेडिओवर सोडला. आपापल्या गाडीतला रेडिओ लावा आणि ऐका. आवाराबाहेर तो पोचत नाही म्हणे. म्हणे! एकदा हवामान ऐकायला काटा फिरवत होते, आणि ओट्यावरच्या माझ्या रेडिओत एक बाई कुणाच्या तरी गळ्यात पडून रडायला लागली. खिडकीतून बघते तर पडद्यावर तीच बाई!

तेव्हापासून एकही सिनेमा चुकवला नाही. गोष्टी मुद्दाम चुकवते. एमिलला कळलं तर संपलंच. "फुकट ऐकतेस आणि वर तोरा!" म्हणून गावभर करेल. मेले तरी सांगणार नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

म्यूरिएलनं तोड काढली. शपथ तिकीट न काढायची आहे, आत न जायची थोडीच आहे? डिकीतून जायचं!

डिकीतून कोण गेलं नाही इथं? पाद्रीबाबासुद्धा कॉलेजात असताना गेलेत. एमिल फाटकावर डिकीवर टकटक करतो आणि विचारतो, "बटाटे किती?" आतून हसू फुटलं की पकडले, खाली उतरा, तिकीट काढा. गप्प राहिलात तर सुटलात. बापाच्या वेळेपासूनचा नियम आहे.

माझं वय बघता हे शोभत नाही. पण म्यूरिएलची गाडी जुनी आहे, डिकी प्रशस्त आहे.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

डिकीत बसून बघितलं. गुडघा बोलला. उशी न्यायची.

३ सप्टेंबर, सोमवार

कालचं सगळं लिहिते.

सूर्य उतरल्यावर निघालो. एवढ्या गाड्या, की फाटकापर्यंत सरकतच गेलो. मी उशीवर मुटकुळं करून, पोटाशी थर्मास. फटीतून नाकात शिरणारी धूळ, म्यूरिएलचे ब्रेक आणि तिचं गाणं! शेवटी गाडी थांबली. टकटक.

"बटाटे किती?"

"एकही नाही," म्यूरिएल.

"मग मागची चाकं एवढी का बसलीत?"

मी ओठ चावले. मेल्या!

"जुने बटाटे दिसतायत. कोंब फुटलेत. जपून ने हो, म्यूरिएल."

"जुना असशील तू!" — गेलं तोंडातून!

डिकी उघडली. टॉर्च थेट डोळ्यांवर. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, कुणीतरी ओरडलं, "हेडी सापडली!" आता तिकीट. सगळ्या गावासमोर. माझी शपथ शेवटच्या दिवशी मोडणार. आणि खरं लिहायचं तर मला वाटलं, मोडू दे. पाकिटाकडे हात जात होता.

एमिलनं टॉर्च खाली घेतला. मग म्हणाला, "बटाटे बोलत नाहीत. मी काही ऐकलं नाही." आणि डिकी लावून टाकली!

जागा मिळाली शेवटच्या रांगेत, माझ्याच कुंपणाला पाठ लावून. मी डिकीतून उतरून पुढं बसले, तर गाडीतला रेडिओ नुसता खरखरत होता. "मागच्या रांगेत कायमचंच आहे हे," म्यूरिएल म्हणाली, "किती जणांनी सांगितलं एमिलला, दाद देत नाही. तुला काय म्हणा, आवाजाची सवयच नाही."

"काहीतरीच! घरी तर इतका स्वच्छ—" जीभ चावली. "स्वच्छ दिसतो पडदा," म्हटलं. म्यूरिएल पॉपकॉर्न खात होती, देवाची कृपा.

सिनेमा संपला. इथं टाळ्या वाजवत नाहीत. हॉर्न वाजवतात आणि गाडीचे दिवे दोनदा लावून विझवतात. काल सगळ्यांनी एकदम केलं, आणि थांबेचनात. एमिल त्या उजेडात टोपी हातात घेऊन उभा होता, कुठं बघावं हे न कळून. मी रडले. म्यूरिएलसमोर, चांगली हुंदके देऊन. तो जाऊ नये असं मला वाटतं. आता लिहिलंच आहे, तर राहू दे.

६ सप्टेंबर, गुरुवार

एमिलचा भाचा डॅरिल पडदा उतरवायला आलाय. कुंपणापाशी पाणी मागितलं, दिलं. सहज विचारलं, "हा खांब कसला रे?" माझ्याच कुंपणाला लागून आहे, वर्षानुवर्षं. मला वाटायचं विजेचा.

"मावशी, हा तर रेडिओचा एरियल! सिनेमाचा आवाज इथूनच सुटतो. खरं तर मधोमध हवा. मी मामाला म्हटलं, इथं तोंड बाहेर करून लावलायस, म्हणून मागची रांग खरखरते. तर म्हणाला, खरखरू दे, तिकडं कुणीतरी ऐकतं."

मी ग्लास परत न घेताच आत आले.

त्याला ठाऊक होतं! पहिल्यापासून! मी दर शनिवारी नवऱ्यांना मारेकरी करत होते, आणि हा कॉफीचा कप धरून हसत होता. एवढा राग आलाय! त्याला मुळीच भेटणार नाही. रविवारी सकाळच्या बसनं जाणार आहे, तर जाऊ दे.

७ सप्टेंबर, शुक्रवार

डॅरिलच्या गाडीतून खोकी गेली. मी खिडकीच्या पडद्याआडून बघितलं. बेरी घालून केक केलाय. कुणासाठी, ते माहीत नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी सवयीनं रेडिओ लावला. खरखर. मग खोकल्याचा आवाज. ओळखीचा.

"हेडी, एमिल बोलतोय. एरियल उतरवू दिलेला नाही मी. कोंबड्यांचं चुकलं माझं. केलोनाला मला जायचं नाहीये, पण इथं थांब म्हणणारं कुणीतरी पाहिजे. ऐकत असशील तर ओसरीचा दिवा दोनदा लावून विझव. तू म्हणतेस तसं तुला काही ऐकू येत नसेल, तर सकाळी जातो."

बटण तुटेपर्यंत लावला-विझवला.