कानाला चुना

सोमवार सकाळ, आई बाजारात गेलीये तेवढ्यात

ताईला माकडाचा नमस्कार,

पत्रात आधी खुशाली विचारायची, एवढं मला शाळेने शिकवलं. बाकी शाळेचा आणि माझा छत्तीसचा आकडा तुला माहितीच आहे. तर, कशी आहेस? तुझा फोन लागत नाही. हा पत्ता मावशीकडून काढला. कसा काढला ते विचारू नकोस, तिचा चष्मा तिला परत मिळालाय.

आम्ही मजेत. आईचे गुडघे मजेत नाहीत, पण तोंड मजेत आहे.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही डोंगरावरचा राजवाडा बघून आलो. बाबांनीच विषय काढला, विश्वास बसतो का? अर्ध्या घाटात गाडी तापली. बाबा म्हणाले, "इंजिन तुझ्यावर गेलंय. चढ दिसला की बसतं."

राजाचा पलंग आपल्या दिवाणापेक्षा लहान निघाला. आईने वाकून खाली बघितलं. "एवढे नोकर होते, तरी जळमटं बघा."

मग गोल महाल. पहारेकरी म्हणाला, या भिंतीला तोंड लावून पुटपुटलं, की पार समोरच्या टोकाला कान लावणाऱ्याला ऐकू जातं. राजाराणीचं बिनसलं की दोघं असंच बोलायची, एकमेकांचं तोंड न बघता.

"बरी सोय होती," आई बाबांकडे बघत म्हणाली आणि पाय दुखतात म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसली. पहारेकरीही तिच्यामागे गेला. आत आम्ही दोघंच. बाबा पलीकडे भिंतीला कान लावून उभे, मी अलीकडे.

इथे लिहिणं थांबवून मी जरा पाणी पिऊन आलो.

तुला आठवतं ना, मी तुझा आवाज काढायचो? खिडकीतून तुझ्या मैत्रिणींना शिव्या घालायचो आणि मार तुला बसायचा. तोच काढला. तू घर सोडून गेल्यापासून इथे तुझं नाव निघत नाही, म्हटलं निदान दचकतील, शिव्या घालतील, काहीतरी होईल.

"बाबा," एवढंच म्हणालो. ताई, आईशपथ एवढंच.

बाबा दचकले नाहीत. वळलेपण नाहीत. भिंतीला तोंड लावून म्हणाले, "बोल गं."

मग माझी फाटली. मी तोंडावर हात दाबून धरला. भिंतीतून नुसता त्यांचा श्वास येत होता. मग ते म्हणाले, "हो. हो गं. ऐकतोय." थोडं थांबून, "ये ना मग. कोण अडवतंय?" कोणीतरी बोलतंय आणि ते उत्तर देतायत, असं. मला दुसरं कोणी ऐकू आलं नाही.

परत येताना गाडीत आईला म्हणाले, "तिला थंडी वाजतेय. खूप थंडी आहे म्हणाली."

"कोणाला?"

"जिवंत माणूस भिंतीतून कशाला बोलेल," बाबा म्हणाले. आई घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, तो मी होतो. आवाज काढून दाखवला. म्हटलं दोन कानाखाली बसतील, विषय संपेल. ते शांतपणे म्हणाले, "तू काय काय बोललास?"

"फक्त 'बाबा'."

"मग बाकीचं कोण बोललं?"

 

तुझी खोली उघडलीये त्यांनी. खिडकीच्या फटीत कागद कोंबलेत, तुझ्या पलंगावर दोन रजया टाकल्यात. आई रोज त्या घडी करते, ते रोज पसरतात. काल एकटेच राजवाड्यावर गेले. अंधार पडल्यावर आले. उजव्या कानाला भिंतीचा चुना लागलेला. आईने पदराने पुसायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे."

तू बरी आहेस ना? तिकडे थंडी नाही ना गं? असली तरी नाही म्हण.

फोन करू नकोस. आवाजावर त्यांचा भरवसा आता बसायचा नाही, तो मलाही काढता येतो. चिठ्ठी पाठवलीस तर म्हणतील मीच लिहिली. तू ये. दारात उभी राहा, चपला काढ, आईशी भांड. ते काही मला जमणारं नाही.

त्या संध्याकाळपासून मी तुझा आवाज काढणं सोडलंय. तरी काल रात्री बाबा तुझ्या खोलीत म्हणाले, "हो गं, ऐकतोय."

मी माझ्या खोलीत होतो, ताई. तोंड मिटून.

वाट बघतोय,
तुझं माकड