देठ सरळ करताना

मंगळवार, ४ तारीख

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, भाचीला गोड पापा. आम्ही सगळे इथं ठीक आहोत. सगळे म्हणजे मी आणि खिडकीतल्या कुंड्या. तुझं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. किंवा रागाव हवं तर, पण हे पत्र पूर्ण वाच. मधलं सोडून आधी शेवट वाचायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती एवढ्या वेळी आवर.

एक बातमी आहे. परवा ग्रंथालयात माझं भाषण झालं! खोटं नाही सांगत. रोजच्या साध्यासुध्या वस्तूंमधून कल्पना कशा सुचतात, यावर बोलायचं होतं. चाळीसेक माणसं होती, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला आलेली. मी त्यांना कांद्याची गोष्ट सांगितली. टोपलीतल्या एका कांद्याला कोंब फुटला म्हणून मी तो कुंडीत खोचला आणि विसरून गेले, तर त्याला हा लांब दांडा येऊन वर पांढरा गोंडा फुलला. त्याच दिवशी ओट्यावर वाळत ठेवलेल्या चाळणीतून उन्हाचे ठिपके भिंतीवर पडले होते. मी कुंडी उचलून तिथं नेली आणि फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर बसून भिंतीचा मळकट रंग घालवला, ठिपके निळे केले, सावली फुलाहून मोठी केली. आता ते चित्र बघून कुणी म्हणणार नाही की हा तोच, चिरताना रडवणारा कांदा.

लोकांना आवडलं. कॅलेंडरवाल्याला तर ते चित्र आधीच इतकं आवडलं होतं, की त्यानं पुढच्या वर्षाची बाराही पानं माझ्याच फुलांची घ्यायचं ठरवलंय. म्हणतो कसा, "बाई, तुमच्या देठांना एक लहर आहे. सगळे सरळ देठ दाखवतात, तुमचे बघा कसे पाण्यातून बघितल्यासारखे. ही तुमची शैली!" भाषणानंतर एका आजोबांनी तेच विचारलं. देठ असे नागमोडी का करता? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, निसर्गात सरळ रेघ नसतेच मुळी. टाळ्या पडल्या, ताई. आणि मी टेबलाचा काठ घट्ट धरून उभी होते.

आता थांबते. गॅसवर दूध ठेवलंय. बाकीचं उद्या.

गुरुवार, ६ तारीख

गॅसवर दूधबिध काही नव्हतं. परवा मी पेन खाली ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. काल दिवसभर हे पाकीट टेबलावर पडून होतं आणि मी त्याला वळसा घालून चालत होते. आज लिहून टाकते. फोनवर मला हे जमणार नाही, तू मध्येच बोलतेस.

देठ मी नागमोडी केलेच नव्हते. मी ते सरळ केले होते.

समजावून सांगते. कॉम्प्युटरवर एक ब्रश असतो. ओली माती बोटानं सरकवावी तसा त्यानं चित्राचा कुठलाही भाग जरासा इकडे-तिकडे ढकलता येतो. गेलं वर्षभर मला वाटायचं की आपले फोटो जरा वाकडे येतायत. देठ मध्येच मोडल्यासारखा दिसायचा. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, भिंग बदललं, आणि मुकाट्यानं एकेक देठ ब्रशनं ढकलून सरळ करत बसले. तुला माझी सवय ठाऊक आहे, चित्र पारखायचं असलं की मी डावा डोळा मिटते आणि उजव्यानं बघते. कॅमेरा धरून धरून लागलेली सवय. सरळ झाला असं उजव्या डोळ्यानं सांगितलं, की मी पुढच्या देठाकडे.

महिन्यापूर्वी छापखान्यातल्या मास्तरांनी मला बोलावून घेतलं. माणूस अबोल, पण हाडाचा कारागीर. कॅलेंडरच्या दहाव्या पानाचा नमुना पुढ्यात टाकला आणि म्हणाले, "देठांचं मी बोलत नाही, ती कला असेल. पण या फुलदाणीखालचं टेबल का वाकडं?"

मी म्हटलं, "मास्तर, टेबल सरळ आहे."

त्यांनी वाद घातला नाही. स्टीलची पट्टी उचलून टेबलाच्या काठावर ठेवली. कड पट्टीखालून वर-खाली डोकावत होती, लहान पोरानं काढलेल्या समुद्रासारखी. मी त्यांच्यावर केवढी ओरडले म्हणून सांगू! तुमच्या मशीननं केलंय, कागद ओला होता, काय वाट्टेल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, "पट्टी घरी घेऊन जा. तुमचा मूळ फोटो मोजून बघा."

घरी आले. मूळ फोटोवर पट्टी धरली. टेबल सुतासारखं सरळ होतं, देठसुद्धा. मग सवयीनं डावा डोळा मिटला, तर पट्टीच मधे वाकली. स्टीलची पट्टी, ताई! उजवा मिटला, सरळ. डावा मिटला, वाकडी, आणि नेमकं जिथं बघत होते तिथं धुरकट. दहा-बारा वेळा करून बघितलं. तरी माझं चालूच, हा मिट, तो उघड. स्वयंपाकघराचं दार बघितलं, खिडकीचे गज बघितले, समोरच्या इमारतीच्या पायऱ्या बघितल्या. ज्याच्याकडे नजर लावीन ते मोडत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थेंब टाकले, यंत्रांना हनुवटी टेकवायला लावली आणि सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. दुसरा डोळा इतके दिवस त्याची चूक झाकत होता, म्हणून मला कळलं नाही. जे गेलं ते गेलं. डाव्यात आता कुठं सुरुवात आहे, इंजेक्शनं घेत राहिले तर तो टिकेल. इंजेक्शन डोळ्यात देतात. आत. माझं पहिलं झालं. दुखण्यापेक्षा सुई येताना दिसते ते वाईट. मी दोन्ही मुठीत खुर्चीचे हात धरून पहिलीतल्या पोरीसारखी आईला हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? आणि मला बाबा आठवले. पन्नाशीच्या आत घड्याळं दुरुस्त करायचं सोडून घरी बसले. 'कंटाळा आला' एवढंच म्हणाले. आई त्यांना टोचून टोचून बोलायची, आणि आपण दोघी त्यांना आळशीनाथ म्हणायचो, आठवतं? ते खिडकीशी बसायचे, एक डोळा मिटून बोटं बघत. आपल्याला वाटायचं, चाळा आहे. त्या माणसाला घड्याळाचा काटा दिसत नव्हता गं, आणि ते कुणाला सांगायला घाबरत होते. आता मला कळतं ते किती घाबरले असतील. मला मेलीला रडायलाही जमत नाही, रडताना डोळे चोळले जातात आणि चोळायची बंदी आहे.

इथवर लिहिलं. आता जे लिहायला पत्र घेतलं ते लिहिते.

बाईंनी पुढे विचारलं, "हे घराण्यात चालतं. सख्खं भावंड कोण आहे तुम्हाला?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. त्याच सकाळी आलेलं, बसमध्ये वाचून खुदुखुदु हसले होते. त्यात तू लिहिलंयस की बाथरूमच्या नव्या फरशा त्या फरशीवाल्यानं वाकड्या बसवल्या, मधल्या रेघा सगळ्या नागमोडी दिसतात, तू त्याला दोनदा उखडायला लावल्या, तो म्हणतो सरळ आहेत, भावजी म्हणतात सरळ आहेत, भाचीसुद्धा बापाच्या बाजूची. आणि शेवटी तुझं ते वाक्य, 'या घरात मी सोडून सगळे आंधळे.'

तोंडातून 'कुणी नाही' कसं गेलं मला ठाऊक नाही. असं वाटलं की मला बहीणच नाही म्हटलं, तर फरशीवाला खरंच चोर ठरेल आणि तू सुटशील. याला आज एकोणीस दिवस झाले. बाई म्हणाल्या होत्या, यात आठवडे मोजायचे असतात. मी तुझे जवळजवळ तीन खाल्ले. भीतीपोटी. आपली भीती तुझ्या डोळ्यांपेक्षा मोठी केली मी.

तेव्हा आता ऐक. तू नर्स आहेस, रोज लेकरांच्या एवढ्याशा शिरा शोधून सुई लावतेस, तुला बोट धरून शिकवायला नको. हे पत्र हातात घेऊनच बाथरूममध्ये जा. डावा डोळा तळहातानं झाक, फरशांकडे बघ. मग उजवा झाक. दोन्ही वेळा रेघा सारख्याच वाकड्या दिसल्या, तर त्या फरशीवाल्याला चार शिव्या घाल, दोन माझ्याकडूनही घाल. पण एका डोळ्यानं सरळ आणि एका डोळ्यानं वाकड्या दिसल्या, तर तशीच निघ. कामावर काय सांगायचं ते नंतर बघू. सामानसुद्धा घेऊ नकोस, माझे कपडे तुला होतात.

आज सकाळी मी दवाखान्यात गेले होते. सोमवारची वेळ घेतली तुझ्यासाठी; हे पत्र आजच कुरिअरनं पाठवते, उद्या तुझ्या हातात पडेल. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, नातं काय? मी म्हटलं, बहीण, सख्खी, थोरली. तिनं कागद उलटसुलट करून बघितला. "इथं तर भावंड नाही असं लिहिलंय." मी म्हटलं, खोडा ते. तिच्यासमोर उभी राहिले, तिनं खोडेपर्यंत हलले नाही.

फोन करू नकोस. तुझा 'हॅलो' ऐकला की मला सगळं कळेल आणि ते ऐकायची माझी छाती नाही. नाही, कर. बाथरूमच्या दारातूनच कर. मी फोन हातात धरून बसलेय.

तुला नाही म्हटलेली,
तुझी सख्खी,
चिमी