समोरच्या खोलीतले एक्केचाळीस सेकंद

प्रिय आई,

उद्या सकाळी सहा बावन्नला तुझी शेवटची क्लिप आपोआप पुसली जाणार आहे, म्हणून आज लिहायला बसले. टीव्हीच्या शोकेसवर मी लावून दिलेल्या त्या कॅमेऱ्याचं म्हणते आहे मी. समोरच्या खोलीत कोणी हललं की तो तेवढ्यापुरतं रेकॉर्ड करतो आणि तीस दिवस जपतो. तू गेलीस त्याला उद्या तीस दिवस होतील. काल फोनवर सूचना आली: जुन्या क्लिप लवकरच काढून टाकल्या जातील, हव्या असल्यास जतन करा. दुधाची पिशवी संपली सांगावं, इतक्या साध्या शब्दांत.

त्या सकाळची तुझी एकच क्लिप आहे, एक्केचाळीस सेकंदांची. ती मी अजून उघडलेली नाही. मला भीती वाटते, आई.

उघडायच्या आधी एक छोटं चित्र दिसतं, तेवढंच पाहिलंय. त्यात तुझी पाठ आहे, तो पिवळा गाऊन आणि सोफ्यावर टेकलेला एक हात. चेहरा दिसत नाही. दिवसातून दहा वेळा मी त्या चित्रापर्यंत जाते आणि फोन पालथा घालते.

कॅमेरा आणला तेव्हा माझ्याशी केवढी भांडली होतीस! "आपल्या घरी काय हाय वं चोराले न्यायले? अन् मी काय सोनाराचं दुकान हाय का, माह्यावर कॅमेरा लावून राहिली?" पंधरा दिवस तू त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलास. मी कारखान्यातून मोठ्या हौसेनं फोनवर पाहायला जायची आणि मला दिसायची तुझ्या कशिद्याची गुलाबी फुलं.

मग एक दिवस रुमाल निघाला आणि तू त्या कॅमेऱ्याशी बोलायला लागलीस. तुझा समज असा झाला, की कॅमेरा लागला म्हणजे मीच तिथे कायमची येऊन बसले. "मने, बजारात जाऊन येतो वं." "मने, सांबारवडी केली हाय, डबा न्यायले ये." मालिकेतल्या मोठ्या सुनेनं सासूला काय उलट उत्तर दिलं, तेही तू त्याच्यासमोर उभी राहून सांगायचीस, आणि वर माझं मतही विचारायचीस. शेजारच्या काकू मला म्हणाल्यासुद्धा, तुझी आई भिंतीशी बोलते.

मी तुझा समज दुरुस्त केला नाही. का केला नाही? तुला बरं वाटत होतं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर समजावून सांगायचा कंटाळा होता. तू मला एकदा सरळच विचारलं होतंस, "तू रोज पाहून राहतेस ना वं?" मी म्हणाले, "हो ना, पाहून राहते." तेव्हा तू म्हणालीस, "मंग बरं हाय. तुह्ये बाबा सकाळी तलावावर फिराले गेले, की घर खायले उठते मले. तू असली की भेव नाही वाटत."

आई, मी नव्हते. पंखा सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं आणि माझा फोन वाजायचा. खिडकीत कबुतर आलं की फोन वाजायचा. बाबा चष्मा शोधत फिरले की फोन वाजायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा! वैतागून मी सूचनांचा आवाज बंद केला, त्याला आठ महिने झाले. पुढे दिवसातून एकदा, कधी दोन दिवसांतून एकदा उघडून पाहायची. दिसलीस की बंद.

आणि माझं काम काय, तर नजर ठेवायचं. कळमेश्वरच्या एमआयडीसीत, नमकीनच्या कारखान्यात, आठ पडद्यांसमोर बसून. पट्ट्यावर शेवेचं पाकीट आडवं झालं तरी दोन सेकंदांत माझ्या लक्षात येतं. साहेब नव्या मुलींना माझं उदाहरण देतात. हल्ली ते कौतुक ऐकलं की तिथून उठून जावंसं वाटतं.

त्या दिवशी सहा बावन्नला मी कंपनीच्या बसमध्ये होते. कानात इयरफोन होते, आणि त्यात एक जण नव्या फोनचा कॅमेरा अंधारातसुद्धा किती स्वच्छ टिपतो ते सांगत होता. मला अशा गोष्टी ऐकायला आवडतात, तुला माहीतच आहे. सात पंचविसाला बाबांचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, सगळा तीन-चार मिनिटांचा खेळ होता, कोणी जवळ असतं तरी फारसं काही करता आलं नसतं. ते मी मानलंय. मी तुला वाचवलं असतं, अशी माझी समजूत नाही. माझी भीती वेगळीच आहे. तू मला हाक मारली असशील तर? मी समोर बसून पाहते आहे आणि तरी उत्तर देत नाही, असं तुला वाटलं असेल तर? त्या एक्केचाळीस सेकंदांत तू कॅमेऱ्याकडे वळून "मने" म्हणाली असशील, तर ते ऐकून मी पुढे कशी जगू?

थोडा राग तुझाही येतो. तुझा फोन कुठे होता, तर फ्रिजवर. गळ्यात अडकवायला मी पिशवी आणून दिली होती, तिच्यात तू सुया आणि बटणं भरून ठेवलीस. फोन जवळ असता तर तू माझा नंबर लावला असतास, आणि तो मी नक्की उचलला असता. तेवढा तरी विश्वास मला माझ्यावर आहे.

बाबांची काळजी वाटते. मी महिनाभर इथे सक्करदऱ्याला तुमच्याच घरी राहते आहे. बाबा तलावावर जात नाहीत. सकाळी साडेसहाला आतल्या खोलीत जातात, दार लावून घेतात आणि सातला बाहेर येतात. आत काय करतात, ते मी विचारलेलं नाही. रडत असतील, रडू द्यावं, असं वाटलं.

एवढं लिहून मी उठले होते. आता पुन्हा बसले आहे, मध्ये दोन तास गेले. काय झालं ते तुला सांगते.

एकटीच्यानं ठरवणं मला जमेना, म्हणून बाबांकडे गेले. ते ओट्यापाशी लसूण सोलत होते. हो, आता लसूण सोलतात, आणि बऱ्यापैकी सोलतात.

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवसाची एक क्लिप हाय कॅमेऱ्यात. उद्या पुसून जाईन ते."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मले माहीत हाय."

"तुमाले कसं माहीत?"

"माह्या फोनमंदी बी हाय ना ते ॲप. तूनंच टाकून देल्लं होतं."

मी साफ विसरले होते. "मंग तुमी पाह्यली का?"

"तिसऱ्या दिवशी पाह्यली. तवापासून रोज पाहतो. फिराले जायच्या टायमाले."

मी तिथेच फरशीवर बसले. महिनाभर जे विचारायला भ्यायले ते कसंबसं विचारलं, "तिनं मले हाक मारली का?"

बाबांनी हातातली पाकळी वाटीत टाकली. मग म्हणाले, "तुले? नाही वं. तुह्यं नाव नाही घेतलं तिनं. माह्यं घेतलं."

मला आधी कळलंच नाही. तू आणि बाबांचं नाव? बँकेत बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं की तू तोंडानं न सांगता आधार कार्ड पुढे करायचीस. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की पाणी आणायला आत जायचीस. अडतीस वर्षांत मी तुझ्या तोंडून ते नाव ऐकलेलं नाही.

"'अहो' नाही म्हटलं, 'आयकलं का' नाही म्हटलं," बाबा म्हणाले. "'शंकर' म्हटलं. दोन डाव. माह्या मायनं मारावी तशी हाक. अन् मी तिकडं तलावावर बाकड्यावर बसून गप्पा हाणून राहिलो होतो. रोज सातले घरी येतो, त्या दिवशी वीस मिन्टं उशीर केला."

तुला खरं सांगू? आधी मला सुटल्यासारखं वाटलं. पण लगेच वाईट वाटलं, की मला का नाही हाक मारलीस? ज्या हाकेला महिनाभर घाबरले ती तू मारलीच नाहीस, तर मी रुसले! कसली मुलगी आहे मी. मग बाबांकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. रोज सकाळी दार लावून हा माणूस ती हाक ऐकत होता, आणि बाहेर मी माझ्या एकटीच्या भीतीत बसले होते.

"मले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"भेव वाटे. तू पाहशील अन् मले विचारशील, बाबा, तुमी कुठं होते?"

बघ, आई, एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांना भीत होतो, आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे का, एवढंच बोलत होतो.

मी म्हणाले, "मंग जाऊ द्यायची का पुसून?"

त्यांनी लसणाची वाटी बाजूला ठेवली. "नको. मले कोणी बाबा म्हणते, कोणी काका म्हणते, हापिसात साहेब म्हणत होते. माय गेली, आता तुही आईबी गेली. माह्यं नाव आता कोण घेणार हाय?"

क्लिप कशी ठेवायची ते त्यांना येत नव्हतं आणि मला विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. दोन मिनिटांचं काम. न उघडता मी ती माझ्या लॅपटॉपवर घेतली, त्यांच्या फोनमध्ये टाकली आणि आणखी एका पेनड्राइव्हवर ठेवली. आता ती पुसली जाणार नाही. पण बाबा म्हणाले, "एकट्यानं पाहाचं लय भेव वाटते मले. उद्या तू बस संग."

मी हो म्हणाले आहे. भीती गेलेली नाही.

आई, मी तुला वचन देते. उद्या साडेसहाला मी आतल्या खोलीत बाबांच्या शेजारी बसेन आणि सगळे एक्केचाळीस सेकंद पाहीन. मान वळवणार नाही. तुम्ही कुठे होतात, असं त्यांना कधीच विचारणार नाही, रागाच्या भरातसुद्धा नाही.

अजून एक. तुझ्यासारखेच बाबाही समजतात, की मी रोज पाहत होते. तरी या महिनाभरात त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, की मने, तू तर पाहून राहत होती ना, मग त्या दिवशी कुठं होती? मला वाटतं, ते कधीच विचारणार नाहीत. म्हणून उद्या क्लिप संपली की मीच त्यांना सांगेन, की मी पाहत नव्हते.

तुझी,
मनू