घुबडाच्या कपारीची वाट

४ जानेवारी, रविवार. पाली

घळीतल्या कपारीत शृंगी घुबडाची दोन पिल्लं! पांढुरकी, पिंजलेल्या कापसासारखी. आई अर्धवट डोळे मिटून माझ्याकडेच बघत होती. मागच्या खेपेला घळीचं वळण चुकले, म्हणून आज गडाच्या वाटेवर, वळणाशी तीन दगड रचून आले.

सांगितलं फक्त ठकूबाईंना. त्यांची शेरडं तिथूनच वर जातात. "घुबडाचं काय बघायचं, ताई? वंगाळ त्वांड त्याचं." पण कुणाला बोलणार नाही म्हणाल्या.

११ जानेवारी, रविवार

घळीत बुटांचे ठसे. कपारीसमोरची कारवी मोडलेली, फोटोच्या आड येऊ नये म्हणून. आई नव्हती. पिल्लं भर उन्हात उघडी.

कुणी सांगितलं? ठकूबाईंचा जावई संपत ट्रेकर घेऊन गडावर जातो. म्हणजे...

१४ जानेवारी

संक्रांत. ठकूबाईंनी तिळगूळ दिला. घेतला, पण ओट्यावर टेकले नाही. संपत मोबाईलवर: "या की रविवारी. लई भारी जागा हाय." मला बघून आवाज खाली.

१८ जानेवारी, रविवार

सकाळपासून संपतच्या मागावर. या वयात झुडपाआड लपून बसले. तो सहाजणांना घेऊन सरळ गडावर गेला. घळीकडे मानही वळवली नाही.

थोड्या वेळाने घळीतून कॅमेरेवाले दोघे उतरले. कुणी दाखवलं, विचारलं.

"कुणी नाही, मॅडम. दगड लावलेत ना. म्हटलं वर काहीतरी असेल."

मी वळणावर गेले. माझ्या तीन दगडांवर गुडघ्याएवढी रास. वर कुंकू, ताजी डहाळी.

१९ जानेवारी

ठकूबाई म्हणाल्या, "मांडल्याला दगूड दिसला की द्येवाचं ठाणं समजायचं. जाता-येता येक ठिवायचा. समद्या वाडीनं ठिवलं." मग माझ्याकडे बघून, "तुमी मांडला व्हय? आवो ताई, द्येव बसवला की तुमी!" हसून हसून डोळे पुसले.

मग मी संपतवरचा संशय सांगून टाकला. हसू गेलं.

"म्हून टेकला न्हाईत व्हय सणाला."

रास मोडू का, विचारलं.

"कुकू लागलंय. आता कोण हात लावील?"

रात्रभर तेच. नुसतं विचारलं असतं तर...

२१ जानेवारी, बुधवार

आई परतली आहे. पिल्लू एकच दिसलं. दुसरं तिच्या पोटाखाली असेल. असावं. ती उठेपर्यंत थांबणार होते, पण मीही माणूसच तिच्या लेखी. निघाले.

वळणाच्या पुढे, पल्याडच्या वाटेला ठकूबाई वाकून दगड रचत होत्या. शेरडं पुढे गेलेली.

"त्यो द्येव तितंच ऱ्हाऊ द्या. ह्यो मोठा केला की लोकं हिकडं वळत्याल." माझ्याकडे न बघताच बोलल्या. बसा म्हणाल्या नाहीत. एक दगड हातात दिला.

ठेवला. रविवारला चार दिवस. नवी रास अजून घोट्याएवढीच.