खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर

केंटकी

चि. व्हर्लीन हिस,

ओहायोत तुम्ही सर्व सुखरूप असाल, अशी आशा बाळगतो.

तुझ्या भावाने, डेन्झिलने, नशेसाठी माझ्या दुखण्यावरच्या गोळ्या हिसकावताना माझा हात पिरगाळला. फोनवर मी हे सांगितले नाही, कारण तो शेजारीच बसला होता. तेव्हा खिशात बाळगता येईल असे लहान रिव्हॉल्व्हर घेण्याचे मी ठरविले. परंतु दृष्टी अधू झाल्यापासून मला गाडी चालविता येत नाही. बंदुकांच्या दुकानात त्यानेच नेले. मी मोकाट कुत्र्यांचे कारण सांगितले.

दुकानाच्या मालकीण ओलीटाबाईंनी सर्वांत हलके रिव्हॉल्व्हर हाती दिले. हलके ते सोपे, असा माझा समज होता. परंतु त्याचा चाप इतका कडक निघाला, की खाणीत झिजलेल्या माझ्या बोटांना तो ओढवेना.

"काका, जरा मोठं घ्या. चाप मऊ असतो."

मोठे खिशात लपत नाही, हे मी बोललो नाही.

डेन्झिल हसला. "अहो बाबा, तोवर कुत्रं चावून घरी जाऊन झोपेल!" त्याने रिकामे रिव्हॉल्व्हर उचलून एका बोटाने सहज चालवून दाखविले. "हेच द्या, बाई. शोभतंय त्यांना."

चारचौघांत माघार घेणे मला जमले नाही. मी तेच घेतले.

आता कोट मी घरातही उतरवीत नाही. टपालपेटीपर्यंत डेन्झिलच जातो, म्हणून हे पत्रही कोटातच राहील.

तू न्यायला आलीस, तर या खेपेस मी नाही म्हणणार नाही.

तुझा पिता,
ऑर्विल कॉम्ब्स