बैठक मूळ वेताची

मंगळवार, ४ मार्च

झालं! नव्या संचालकबाईंनी बॉम्ब टाकलाच. यापुढे प्रत्येक वस्तूशेजारी एक कोरं कार्ड आणि पेन्सिल. बघायला येणाऱ्याला त्या वस्तूबद्दल काही ठाऊक असेल तर त्याने बेलाशक लिहायचं. "आणि माझ्या पाट्या?" मी विचारलं. "राहू देत की. आपल्याला काय वाटतं ते पाटी सांगेल, लोकांना काय माहीत आहे ते कार्ड." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच!

सव्वीस वर्षं या संग्रहालयाच्या पाट्या मी लिहितेय. तीन संचालक माझ्या अक्षराचं कौतुक करत निवृत्त झाले. आता कुणीही यावं आणि पेन्सिलीने गिरबटून जावं. बाई म्हणतात, कुठल्या राजाकडे काय होतं हे बघायला आता कुणी येत नाही, माणसं त्यात स्वतःला शोधतात. शोधोत बापडी.

आईला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली, "तेवढीच तुझी बोटं विसावतील." आईने उभा जन्म वेताच्या खुर्च्या विणल्या, आमच्या घरात मात्र प्लास्टिकच्या. आणि ही माझी आई सव्वीस वर्षांत एकदाही माझ्या कामाच्या जागी आलेली नाही! कधी गुडघे, कधी डोळे, कधी "मेलेल्यांची भांडीकुंडी काय बघायची?" मला चार वर्षं उरलीत, तिला शहात्तर पूर्ण. एकदा यावं तिने. दुसरं काही मागत नाही मी.

गुरुवार, ६ मार्च

पहिली कार्डं आली. "पंखा बंद आहे." "प्यायचं पाणी कुठे?" तलवारीपाशी — "आमच्या साहेबांना दाखवा."

पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. "पंखा खरंच बंद आहे," म्हणाल्या, आणि दुरुस्त करून घेतला.

मंगळवार, ११ मार्च

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

नवव्या कपाटात एक लोखंडी नळी आहे, आडवी, एका पायावर उभी. माझी पाटी — 'विधीसाठीचे उपकरण असावे.' ज्याचं काही कळत नाही ते विधीचं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती! तिथल्या कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं — "विधी कसला? झालरीची इस्त्री आहे." खाली — "समोरच्या गल्लीतला इस्त्रीवाला."

बाईंनी त्यालाच बोलावलं. तो घरून तस्सीच नळी घेऊन आला, आजोबांची. एक सळई तापवून नळीत सरकवली. झालरीचा तुकडा ओलसर केला. "ओलसर, ओला नाही. आजोबा हातावर मारायचे." मग नळीवर दाबला, उचलला, पुन्हा दाबला. कापडाला लाटा आल्या, एकीसारखी एक. वीसेक माणसं उभी होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सव्वीस वर्षं मी त्या नळीवरची धूळ बघत होते, आणि या माणसाच्या हातांना ती पाठ होती!

पाटी मीच खोडली. लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट हलकं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

चहा पिताना आईला इस्त्रीवाल्याचं सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "खुर्च्यांपाशी पण ठेवलंय का कार्ड?"

"सगळ्यांपाशी."

"त्या न्यायाधीशाच्या खुर्चीपाशीसुद्धा?"

ती खुर्ची म्हणजे आमच्या संग्रहालयाची शान. पाटी मला झोपेतही म्हणता येईल. 'पहिल्या मुख्य न्यायाधीशांचे आसन. सव्वाशे वर्षांपूर्वीचे. बैठक मूळ वेताची.' म्हणून दाखवली. आई खुदकन हसली.

"मूळ? अगं, मूळ बैठकीतून त्यांच्यानंतरचा एक न्यायाधीश आरपार गेला! पाय वर, ढुंगण जमिनीला. कोर्टाच्या शिपायाने खुर्ची गुपचूप माझ्याकडे आणून टाकली. पन्नास वर्षं झाली. ती बैठक मी विणलीय."

माझा चहा कपातच गार झाला.

शुक्रवार, १४ मार्च

दोन दिवस तोंड उघडलं नाही. 'मूळ' हा शब्द गेला की खुर्चीची शान गेली, आणि तो शब्द लिहिणारी मी. पण इस्त्रीवाल्याच्या नळीपुढे एक नियम आणि आईपुढे दुसरा, हे कसं चालेल? बाईंना सांगून टाकलं.

"काही खूण?" त्यांनी विचारलं.

खूण आईने दिली होती. मान खाली घालून. "मागच्या डाव्या कोपऱ्यापासून चौथं भोक. तिथली तिरकी पट्टी वरून जायला हवी, ती खालून गेलीय. चूक आहे ती."

मग काय! या वयात खुर्चीखाली उताणी झोपले. पहारेकरी टॉर्च धरून फिदीफिदी हसतोय. एक, दोन, तीन... चौथं. पट्टी खालून गेलेली! मी ओरडलेच. शेकडो भोकं, शेकडो पट्ट्या, मधे पन्नास वर्षं — आणि तिला ती एक पट्टी ठाऊक. किती वेळ तशीच पडून वर बघत होते.

बाई शेजारी फरशीवर बसल्या. "खुर्चीत कोण बसलं ते आपण सांगत आलो. त्यांना कुणी धरून ठेवलं तेही सांगू या की. आईंना घेऊन या."

रविवार, १६ मार्च

आई नाहीच म्हणते!

"चूक आहे त्यात. कुणीतरी जाणकार यायचा आणि म्हणायचा, हीच का ती विणणारी."

म्हणजे गुडघे नव्हेत, डोळे नव्हेत. सव्वीस वर्षं ही त्या एका पट्टीला घाबरून आली नाही! रागही आला आणि रडूही. तिच्यावर ओरडले. "कुणाच्या खुर्चीत एक पट्टी इकडची तिकडे झाली तर तू अख्खी बैठक उसवायचीस. मग हीच का ठेवलीस?"

ती उठून आत गेली.

मंगळवार, १८ मार्च

आली! सकाळी बघते तर नवी साडी नेसून दारात उभी. "चल, चिमणे. उशीर होईल तुला."

खुर्चीपाशी गेल्यावर तिने कुणाला विचारलं नाही. सरळ हात ठेवला. पहारेकरी छताकडे बघत राहिला, देव त्याचं भलं करो. चहाचा कप धरताना थरथरणारी ती बोटं वेतावर एकदम स्थिर! एकेका भोकावरून सरकत गेली. शाळेची मुलं भोवती जमली, मग त्यांच्या बाई, मग आणखी कोण कोण. चौथ्या भोकापाशी बोटं थांबली, आणि आई हसली. चूक सापडल्यावर माणूस असं हसतं? मला कळेना.

मग तिने कार्ड मागितलं. सगळ्यांकडे पाठ करून, सावकाश लिहिलं आणि पालथं ठेवलं. "उद्या वाच. मी असताना नको."

बुधवार, १९ मार्च

सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचलं. अक्षर वाकडंतिकडं, चूक एकही नाही.

"बैठक मी विणली. चौथ्या भोकातली पट्टी माझी नाही. मुलगी चार वर्षांची होती. मी पण, मी पण, म्हणून रडली. ती पट्टी तिने घातली. मग फार नाचली. म्हणून उसवली नाही."

नवी पाटी लिहायला बसले. तीन कागद वाया गेले. चौथा घेतलाय.