ढब्बूची चड्डी आणि माझी शिस्त

मंगळवार, ४ तारीख
ढब्बूची नसबंदी उरकली. महिन्यात तीनदा कुंपणावरून पळाला, तिसऱ्यांदा ट्रकखाली येता येता वाचला. नवरा म्हणत होता, बघू, बघू. बघायचं काय त्यात? उचलला आणि नेला.

जनावरांची डॉक्टरीण माझ्या मुलीएवढी. म्हणाली, दहा दिवस उड्या नाहीत, पळणं नाही, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, चोवीस तास. चाटलं तर टाके उसवतील, परत भूल द्यावी लागेल, आणि नऊ वर्षांच्या कुत्र्याला लगोलग दुसरी भूल म्हणजे धोका. हे मला दोनदा सांगितलं. एकवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी. उसवणं म्हणजे काय ते मला शिकवते!

टाके पाहिले. बारीक, अंतर सारखं. पोरीचा हात बरा आहे.

ठरवलं: लाड बंद. शिस्त म्हणजे शिस्त. नवऱ्याने मध्ये पडायचं नाही.

बुधवार
भोंगा घेऊन धडकत फिरतो. दार, खुर्ची, माझी पोटरी. टाचण्यांचा डबा पाडला, नवरा अर्धा तास जमिनीवर रांगत होता. मग ढब्बू कोपऱ्यात तोंड घालून उभा. वळताच येईना. मला काही वाटलं नाही. डोळ्यात सुताचा कण गेला होता, एवढंच.

गुरुवार
भोंगा काढला. फक्त जेवणापुरता. दुपारी तीनला परत घातला. विसरले नव्हते, जखमेला वारा लागू दिला.
एकदाच चाटलं. मी ओरडले. मग माझ्याकडे बघत बघत चाटलं.

शुक्रवार
उपाय सापडला. जखम एकीकडे आणि भोंगा दुसरीकडे, हे काय डोकं? जिथे जखम तिथे झाका. चड्डी शिवायची! इतकी शिकलेली पोरगी, तिला सुचलं नाही.

माप घेतलं. बायका मापाला उभ्या राहिल्या की पोट आत ओढतात. याने ओढलं नाही. प्रामाणिक जनावर. करड्या कापडाचा तुकडा उरला होता, कमरेला इलास्टिक, शेपटीला भोक. बसली झकास. भोंगा माळ्यावर.

मुलीचा फोन. म्हणाली, आई, डॉक्टरांना विचारलंस ना? मी म्हटलं, हो. म्हणजे विचारणारच आहे.

शनिवार
फिरायला नेलं. चड्डी ओली करून आला. पुढून उघडायची सोय राहिली होती. कुणाकडूनही राहते. दुसरी शिवली, पुढे झडप, झडपेला बटण. बटण त्याने खाल्लं.

रविवार
बटण मिळालं. कुठे ते लिहीत नाही.

शेजारची मास्तरीण पँट आखूड करून घ्यायला आली. चड्डी बघून म्हणाली, अगं बाई, काय गोड दिसतोय! ढब्बूला कौतुक झेपत नाही. पलंगावरून थेट तिच्या अंगावर. पलंगावर मीच चढवलं होतं, पण उतरायचं त्याने ठरवलं.

संध्याकाळी चड्डीला लाल डाग. मी म्हटलं, कापडाचा रंग कच्चा निघाला. नवरा म्हणाला, कापड करडं आहे. प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायलाच हवी का माणसाने?

सोमवार, १० तारीख
दोन टाके गेले. सूज, पू. डॉक्टरीण म्हणाली, भोंगा कुणी काढला? मी म्हटलं, ह्यांनी. नवरा छताकडे बघत राहिला.

परत भूल. ढब्बूला आत नेलं. बाहेर बाकावर पन्नास मिनिटं. त्याचा पट्टा हातात. नवऱ्याने दोनदा पाणी विचारलं, दोनदा खेकसले त्याच्यावर. दार उघडल्याबरोबर मी उठून सांगितलं, भोंगा मी काढला. डॉक्टरीण म्हणाली, माहीत आहे, काकू. त्याला शुद्ध येतेय. चड्डीची शिवण मात्र सुरेख आहे.

दहा दिवस परत पहिल्यापासून. औषधं नवऱ्याच्या हातात दिली. म्हणाली, काका, कुत्रा तुमच्या ताब्यात. काकूंनी लांबून बघायचं.

बघते. दोन दिवसांत दोघं माझ्याकडे रडत येतील.

गुरुवार, २० तारीख
आले नाहीत.

टाके निघाले, जखम कोरडी. डॉक्टरिणीने नवऱ्याची पाठ थोपटली. मी म्हटलं, घरात मुळात शिस्त लागते. डॉक्टरीण पुढची सगळी पथ्यं नवऱ्यालाच सांगत होती.

घरी येऊन भोंगा काढला. ढब्बू अंग झाडून सरळ नवऱ्याच्या खुर्चीखाली जाऊन पसरला. मी हाक मारली. परत मारली. एक कान हलवला.

ऐकू येतंय त्याला. म्हणजे तब्येत उत्तम.